तेलातलं जीवनसत्त्व अंगी कसं लागतं आणि बाटलीतच कसं मरतं?

अंगणवाडीत बाळाला चमच्याने पाजतात ते पिवळसर 'अ' जीवनसत्त्व, हाडं दुखतात म्हणून डॉक्टर आठवड्याला एक लिहून देतात ती 'ड'ची पुडी, जनावरांच्या औषधाच्या दुकानातून आणलेला एडी३ईचा कॅन आणि घरच्या जवसाचं तेल. या चौघांचं आपसात एक नातं आहे. चौघांतला कामाचा माल तेलात विरघळतो, पाण्यात विरघळत नाही. आणि उजेड, हवा लागली की तो हळूहळू मरतो.

आपलं पोट म्हणजे बहुतेक पाणीच. कोंबडीची पाण्याची भांडी, गाईची गव्हाण, दुधाची पिशवी, तिथंही पाणीच. मग हे तेल पाण्यात मिसळायचं कसं, आणि मिसळल्यावर टिकवायचं कसं, हा प्रश्न औषध कंपनीला पडतो तसाच तो बाटली विकत घेणाऱ्यालाही पडायला हवा. कारण पैसे त्याचे जातात.

फवारणी करणाऱ्याला हे आधीच माहीत आहे

निंबोळी तेल नुसतं पंपात ओतलं तर काय होतं? वर तवंग धरतो. पंपातून आधी पाणी निघतं आणि शेवटी शेवटी तेल, म्हणजे काही झाडं कोरडी राहतात आणि काही भाजतात. म्हणून तेलात आधी साबणाचं पाणी घालून ढवळतात, मग ते पंपात टाकतात. पाणी दुधासारखं पांढरं होतं. ज्या कीटकनाशकाच्या नावापुढे 'ईसी' लिहिलेलं असतं, ते पाण्यात पडताच पांढरं होतं त्यामागचं कारणही हेच. त्यात कंपनीने तेलकट औषधासोबत पाण्याशी जोडणारा घटक आधीच घातलेला असतो.

साबणाचं काम सोपं आहे. त्याच्या कणाचं एक टोक तेल धरतं, दुसरं टोक पाणी धरतं. तेल बारीक थेंबांत फुटलं की प्रत्येक थेंबाभोवती हे कण कडं करतात आणि थेंबांना पुन्हा एकमेकांत मिसळू देत नाहीत. तेल पाण्यात 'विरघळलं' असं आपण म्हणतो, पण खरं तर ते विरघळलेलं नसतं. बारीक थेंब होऊन तरंगत असतं. दूधही तसंच आहे. त्यातली साय म्हणजे पाण्यात तरंगणारे लोण्याचे थेंब.

खाण्याच्या वस्तूत अर्थातच साबण चालत नाही. तिथं सोयाबीनपासून मिळणारं लेसिथिन, बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक, दुधातली प्रथिनं, प्रक्रिया केलेला स्टार्च, किंवा पॉलिसॉर्बेट नावाचा घटक वापरतात. बाळाच्या थेंबांच्या बाटलीवर यातलं एखादं नाव दिसलं तर घाबरायचं कारण नाही. त्याच्यामुळेच ते औषध चमच्यात एकसारखं उतरतं.

एकसारखं उतरणं किती महत्त्वाचं, हे आकड्यात बघा. 'ड'च्या ६०,००० आययूच्या पुडीत प्रत्यक्ष जीवनसत्त्व असतं फक्त दीड मिलिग्रॅम. मोहरीच्या दाण्याहूनही कमी. बाकीचं सगळं ते पसरवण्यासाठी घातलेलं असतं. बाळाच्या रोजच्या ४०० आययूच्या मात्रेत तर १० मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे एका मिलिग्रॅमचा शंभरावा भाग. इतकी बारीक वस्तू बाटलीच्या तळाशी किंवा वर गोळा झाली तर एका बाळाला काहीच मिळणार नाही आणि दुसऱ्याला नको इतकं मिळेल. 'वापरण्यापूर्वी बाटली हलवा' ही ओळ शोभेसाठी छापत नाहीत.

पोटातला साबण

माणसाच्या आणि जनावराच्या शरीरातही असा एक साबण आहे. बोकड कापताना कलेजीला चिकटलेली हिरवट, कडू पिशवी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. ते पित्त. जळजळ होते तेव्हा आपण 'पित्त झालं' म्हणतो, ते वेगळं. या पिशवीतला रस आतड्यात उतरला की खाल्लेलं तेल-तूप बारीक फुटतं आणि त्यासोबत 'अ', 'ड', 'ई', 'के' ही चारही जीवनसत्त्वं रक्ताकडे जातात.

ही पिशवी नीट रिकामी व्हायला जेवणात तेल-तूप लागतं. म्हणून 'ड'ची कॅप्सूल पहाटे रिकाम्या पोटी, कोऱ्या चहासोबत घेणं म्हणजे निम्मं काम वाया घालवण्यासारखं आहे. ती जेवणानंतर, भाजी-भाकरीला तेल किंवा तूप असेल त्या वेळी घ्यावी. उपवासाच्या दिवशी गोळी घ्यायची सवय कित्येक घरांत आहे, वार लक्षात राहतो म्हणून. साबुदाण्याची खिचडी असेल तर चालून जाईल, निर्जळी एकादशी असेल तर दुसरा वार धरावा.

गाजर, शेवग्याचा पाला, पालक यांतून मिळणारं 'अ'चं कच्चं रूपही तसंच. नुसतं उकडून खाल्लं तर थोडं लागतं, फोडणी देऊन खाल्लं तर जास्त लागतं. आपल्याकडच्या बायका हे शाळेत न जाता करत आल्या आहेत.

ज्यांचं यकृत बिघडलंय, पित्ताची वाट अडली आहे, स्वादुपिंडाचा आजार आहे, किंवा जे मूल दिवस भरण्याआधी जन्मलंय, त्यांचा हा पोटातला साबण कमी पडतो. त्यांना डॉक्टर पाण्यात मिसळणाऱ्या रूपातलं औषध देतात. तिथं त्याचा खरा उपयोग आहे.

कडबा पांढरा का पडतो

आता दुसरी बाजू, टिकण्याची. ज्वारीचा हिरवा चारा कापला आणि उन्हात वाळवला की आठवड्याभरात रंग उडतो. त्या हिरव्या रंगासोबत जनावराला 'अ' जीवनसत्त्व देणारं कॅरोटीनही उडत जातं. म्हणून उन्हाळाभर नुसत्या कडब्यावर असलेल्या गाई-म्हशींना 'अ' कमी पडतं आणि पावसाळ्यात हिरवं मिळालं की तब्येत पालटते.

बाटलीत तेच घडतं. 'अ' जीवनसत्त्वाचे चार वैरी आहेत: उजेड, हवा, उष्णता आणि लोखंड-तांब्याचे क्षार. हवेतला ऑक्सिजन त्याला आतून तोडतो, ऊन ते काम जलद करतं आणि धातूचे क्षार त्याला आणखी हात देतात. 'ड' त्या मानाने थोडं दणकट आहे, पण फार नाही.

कंपन्या यावर बरंच काही करतात. जीवनसत्त्व मोकळं न ठेवता ते एका स्निग्ध आम्लाशी जोडतात. लेबलवर 'पाल्मिटेट' किंवा 'ॲसिटेट' हा शब्द दिसतो तो त्याचाच. जोडलेलं रूप जास्त दिवस टिकतं आणि पोटात गेल्यावर पुन्हा सुटं होतं. सोबत 'ई' जीवनसत्त्व किंवा बीएचटी घालतात, ते हवेचा मार आधी स्वतःच्या अंगावर घेतं. बाटली तपकिरी काचेची करतात. काही कारखाने बाटलीतली हवा काढून तिथं नायट्रोजन भरतात. आणि तरीही थोडं मरणारच हे धरून छापलेल्या आकड्याहून थोडं जास्त घालतात.

दुसरी युक्ती म्हणजे पावडर. तेलाचे बारीक थेंब स्टार्च, डिंक किंवा जिलेटिनच्या पाण्यात मिसळून गरम हवेत फवारतात. पाणी उडून जातं आणि प्रत्येक थेंबाभोवती सुकं कवच राहतं. पशुखाद्यात, बाळाच्या पावडरीत 'अ' घालतात ते बहुधा अशा कवचातलं. माळकऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं आणि मऊ कॅप्सूलचं कवचही बहुतेक वेळा त्याचंच असतं. पूरक आहाराच्या डब्यावर हिरवा ठिपका आहे का ते पाहावं. 'ड-३' स्वतः बहुतांशी मेंढीच्या लोकरीतल्या मेणचट चरबीपासून तयार होतं, हे मात्र फार कमी लोकांना ठाऊक असतं. त्यासाठी मेंढी मारावी लागत नाही.

दोन्ही हवं तर ओढाताण आहे

खरी गोम इथं आहे. जळणाचा ओंडका तसाच चुलीत घातला तर रेंगाळत जळतो. त्याच्या ढलप्या केल्या तर भडका उडतो. लाकूड तेवढंच, पण हवेला भिडणारी बाजू वाढली. तेलाच्या थेंबाचंही तसंच. थेंबाची जाडी दहापट कमी केली तर तेवढ्याच तेलाची बाहेरची बाजू दहापट वाढते. पोटात ते लवकर पचतं. पण बाटलीत किंवा बादलीत ते हवेला, उजेडाला तेवढंच जास्त उघडं पडतं.

म्हणजे जे जास्त बारीक, ते लवकर अंगी लागतं आणि सांभाळलं नाही तर लवकर बिघडतंही.

जवसात हे अगदी हाताने बघता येतं. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त भाग ओमेगा-३चा असतो, म्हणून त्याचं एवढं कौतुक. पण हाच भाग हवा सगळ्यात आधी ओढतो. हेच तेल रंगात वापरतात, कारण ते हवेने सुकून घट्ट होतं. अख्खा दाणा महिनोन् महिने टिकतो, कारण टरफल त्याला झाकून ठेवतं. पण तो न चावता गिळला तर तसाच बाहेर पडतो. दळला तर अंगी लागतो, पण दळलेली पूड उघडी ठेवली तर काही दिवसांत खवट वास येतो. मग करायचं काय? दाणे साठवायचे, आणि चटणी आठ-दहा दिवसांची, घट्ट झाकणाच्या डब्यात. मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून लिटरभर जवस तेल घेणाऱ्यांनी आधी घरात ते किती दिवसांत संपतं याचा हिशेब करावा. आणि जवसाचं तेल फोडणीला वापरू नये. ते वरून घ्यायचं तेल आहे.

कोंबडी आणि गोठा

पोल्ट्रीवाल्यांचं नुकसान याच ओढाताणीत होतं. पाण्यातून द्यायच्या एडी३ईच्या औषधात थेंब आधीच बारीक केलेले असतात. बंद कॅनमध्ये ते सुरक्षित असतं. पण एकदा ते टाकीत, शंभर-दोनशे लिटर पाण्यात मिसळलं की त्याचे दिवस नाही, तास मोजायचे. सकाळी टाकी भरून औषध टाकलं आणि ते पाणी पत्र्याखाली तापत संध्याकाळपर्यंत चाललं, तर दुपारनंतर पक्ष्यांना काय मिळालं हे सांगणं कठीण.

म्हणून पाणी थोडा वेळ बंद ठेवून पक्ष्यांना तहान लागू द्यावी आणि मग दोन-तीन तासांत संपेल एवढ्याच पाण्यात औषध द्यावं. वेळ सकाळची, गारव्याची. त्याच पाण्यात ब्लीचिंग पावडर किंवा दुसरं जंतुनाशक टाकलेलं नसावं. क्लोरीन जंतूंना मारतो तसा जीवनसत्त्वालाही सोडत नाही. औषधाच्या वेळी साधं स्वच्छ पाणी आणि जंतुनाशक नंतर, असं वेळापत्रक ठेवलं की दोन्हींचा पैसा कामी येतो. भांड्याला तेलकट थर बसतो, तो रोज धुवावा. त्यात घाण धरते.

गोठ्यात गोष्ट वेगळी. खनिज मिश्रणाच्या पिशवीत लोखंड, तांबं, जस्त यांचे क्षार असतात आणि त्यातच 'अ', 'ड-३', 'ई' मिसळलेलं असतं. म्हणजे वैरी आणि माल एकाच पोत्यात. कवच असल्यामुळे कोरड्या पिशवीत ते निभावतं. ओल लागली की कवच सुटतं. उघडी पिशवी गोठ्याच्या कोपऱ्यात पावसाळाभर पडून राहिली तर खनिजं शिल्लक राहतील, जीवनसत्त्वाची खात्री नाही. पिशवीचं तोंड बांधून, जमिनीपासून वर, कोरड्या खोलीत ठेवावी, आणि दोन महिन्यांत संपेल एवढीच आणावी.

आणखी एक. पाजायचं एडी३ई आणि टोचायचं एडी३ई वेगळं असतं. पाजायचं औषध सुईने देऊ नये. गाभण जनावराला काय आणि किती द्यायचं ते पशुवैद्यकाने सांगावं, दुकानदाराने नव्हे.

माणसांच्या बाबतीत जास्तीचा धोका

'क' जीवनसत्त्व जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं. तेलात विरघळणारी 'अ' आणि 'ड' मात्र यकृतात आणि चरबीत साठतात. म्हणून इथं 'जास्त म्हणजे चांगलं' हा हिशेब चालत नाही.

लहान मुलांना 'अ'चा पहिला डोस नवव्या महिन्यात, गोवर-रुबेला लसीसोबत, १ मिली म्हणजे १ लाख आययू. त्यानंतर दीड वर्षापासून दर सहा महिन्यांनी २ मिली म्हणजे २ लाख आययू, पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत. एकूण ९ डोस. रातांधळेपणा आणि डोळ्याचं बुबुळ खराब होणं यापासून वाचवणारा हा डोस आहे, तो चुकवू नये. माप बाटलीसोबत आलेल्या चमच्याचंच. घरातला चमचा लहानमोठा असतो. उघडलेली बाटली साधारण ६ ते ८ आठवड्यांत संपवायची असते, म्हणून उघडल्याची तारीख बाटलीवर लिहितात. आई-बापांनी ती तारीख बघायला आणि विचारायला संकोच करू नये. सेविकाताईंनाही त्याचा राग यायचं कारण नाही. डोस दिल्याची नोंद कार्डावर करून घ्यावी, म्हणजे गाव बदललं तरी दोनदा दिला जाणार नाही.

पाण्यात मिसळणाऱ्या रूपाबद्दल २००३ साली एक महत्त्वाची गोष्ट छापून आली. जगभरातल्या 'अ'च्या विषबाधेच्या नोंदी एकत्र तपासल्यावर संशोधकांना दिसलं की तेलातल्या 'अ'पेक्षा पाण्यात मिसळणारं किंवा बारीक थेंब केलेलं 'अ' बऱ्याच कमी मात्रेत बाधतं. कारण तेच, ते जास्त आणि लवकर शोषलं जातं. म्हणजे 'जास्त शोषलं जाणारं' ही जाहिरातीतली ओळ चांगली बातमी आहे तशी सावधगिरीची सूचनाही आहे. गरोदर बाईने तर 'अ'च्या जास्त ताकदीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत, पोटातल्या बाळाला व्यंग येऊ शकतं.

'ड'च्या बाळ-थेंबांत वेगळा घोळ होतो. बाजारात १ मिलीला ४०० आययू आणि १ मिलीला ८०० आययू अशा दोन्ही ताकदीच्या बाटल्या मिळतात. पहिली बाटली संपली, दुसऱ्या दुकानातून दुसरी आणली, माप तेच ठेवलं, की डोस दुप्पट किंवा निम्मा. बाटली बदलली की आकडा वाचायचा, आणि ड्रॉपर त्याच बाटलीचा वापरायचा.

६०,०००ची पुडी आठवड्यातून एकदा, डॉक्टरांनी सांगितलेल्या आठवड्यांपुरती असते. ती रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम चढतं. उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी सुरू होते आणि पुढे मूत्रपिंडावर येतं. वयस्कर माणसाच्या बाबतीत पुडीवर घरातल्याने वार लिहून द्यावा. पाच पुड्या उरल्या म्हणून शेजारणीला देणं, ही माया इथं नको.

'नॅनो' बाटलीला जास्त पैसे द्यावेत का?

हल्ली 'नॅनो' लिहिलेल्या छोट्या बाटल्या मिळतात. त्यात तेलाचे थेंब इतके बारीक केलेले असतात की केसाच्या जाडीचा शंभरावा भागही मोठा वाटावा. थेंब एवढे लहान झाले की उजेड त्यांच्यावर विखुरत नाही, म्हणून औषध पांढरं न दिसता पारदर्शक दिसतं. त्यामागचं शास्त्र खरं आहे. पण ज्याचं पचन ठीक आहे आणि जो जेवणासोबत गोळी घेतो, त्याला साध्या कॅप्सूलनेही 'ड' मिळतं. डॉक्टरांनी कारण सांगून लिहून दिली असेल तर जरूर घ्यावी. दुकानदाराने हातात दिली म्हणून तिप्पट पैसे मोजू नयेत.

त्यापेक्षा दुधाच्या आणि तेलाच्या पिशवीकडे नजर टाकावी. अधिकचं चिन्ह आणि त्यापुढे इंग्रजी 'एफ' अक्षर असलेली निळी खूण दिसली तर त्यात 'अ' आणि 'ड' घातलेलं आहे. एफएसएसएआयच्या २०१८च्या नियमाप्रमाणे अशा दुधाच्या लिटरमध्ये 'अ' २७० ते ४५० मायक्रोग्रॅम आणि 'ड' ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम असावं लागतं. साय काढलेल्या दुधातून सायीबरोबर 'अ' निघून जातं, ते असं परत भरतात. तेलात ग्रॅमला 'अ' ६ ते ९.९ मायक्रोग्रॅम असतं. दिवसाला २० ग्रॅम तेल खाणाऱ्याला त्यातून १२० ते १९८ मायक्रोग्रॅम मिळतं. दूध एकदा उकळल्याने फारसं बिघडत नाही. पण दुकानाबाहेर उन्हात ठेवलेल्या क्रेटमधली पिशवी किंवा चार वेळा भजी तळलेलं तेल, यांच्याकडून जीवनसत्त्वाची अपेक्षा धरू नये. घाण्यावरच्या सुट्या तेलात सहसा वरून काही घातलेलं नसतं. ते तेल वाईट नाही, फक्त हा आकडा त्याला लागू होत नाही.

घरात ठेवायचं कुठं

खिडकीत नको, चुलीच्या वरच्या फळीवर नको, दुचाकीच्या डिकीत तर अजिबात नको. उन्हाळ्यात डिकीत ठेवलेल्या मऊ कॅप्सूल एकमेकींना चिकटतात, तेव्हाच समजावं. कपाटात, मूळ खोक्यासकट, झाकण घट्ट लावून, पोरांचा हात पुरणार नाही अशा जागी ठेवावं. बाटली अर्धी रिकामी झाली की वरच्या जागेत हवाच भरलेली असते, म्हणून उघडलेली आधी संपवावी आणि मग दुसरी फोडावी. छापलेली अंतिम तारीख सीलबंद बाटलीची असते. एकदा झाकण फिरवलं की ती तारीख लागू राहत नाही, लेबलवर 'उघडल्यानंतर इतक्या दिवसांत' असं काही लिहिलंय का ते शोधावं. खवट वास आला, तेल वेगळं होऊन हलवूनही एक झालं नाही, किंवा रंग गडद झाला तर माणसाला नाही आणि कोंबडीलाही नाही. ती बाटली टाकून द्यावी.